उजव्या नाकपुडीतली नथ

१

मंगळवारी सकाळी साडेअकराला शिवाजी पेठेत, भर दुकानात, निशा हुडवालीचं नाक कापलं गेलं. हत्यार म्हणजे ए-फोर आकाराचा एक कागद. वार आला होता न्यू जर्सीमार्गे, म्हणून पेठेतल्या कुणाला तो अडवता आला नाही. एरवी अडवायला माणसं कमी नव्हती. दुकानासमोरच्या कट्ट्यावर सात जण सकाळपासून कुणाचं तरी भांडण सुरू व्हायची वाट बघत बसलेले असायचे.

कागद घेऊन आला राजवर्धन. बोळाच्या तोंडाला त्याचं सायबर कॅफे होतं: कॉम्प्युटर सहा, त्यातले चालू चार, पंखा एक. "ताई, तिसरी आली," तो म्हणाला. वाईट बातमी सांगताना तोंड कसं ठेवायचं ते त्याला ठाऊक होतं, पण तोंड ऐकत नव्हतं.

निशानं शिलाई मशीन थांबवलं, मांडीवरचं लाल रेक्झिन बाजूला सारलं आणि वाचलं.

'आत नवरी काढली आहे म्हणे. नथ उजव्या नाकपुडीत! जिला नथ कुठं घालतात ते कळत नाही, तिनं रिक्षा सजवायच्या सोडून पोती शिवावीत. – एक रसिक.'

ही गोष्ट दोन हजार सातच्या एप्रिलातली. कोल्हापुरात माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाला जुना सदरा घालेल, पण रिक्षा नटवल्याशिवाय रस्त्यावर काढणार नाही. त्या नटव्या रिक्षांचं हुड आणि सीटकाम करायचं म्हणजे प्रबुद्ध हुड वर्क्स. दुकान निशाच्या बाबांनी काढलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली रेक्झिनचे गठ्ठे. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा 'आता पोरगी दुकान बंद करणार' असं कट्ट्यानं एकमतानं ठरवलं होतं. पोरीनं दुकानाला नवं शटर बसवलं.

फेब्रुवारीत रिक्षांची सौंदर्य स्पर्धा झाली. तिच्यात पिराजीची 'राणी' पहिली आली आणि राणीचं सगळं काम निशाचं होतं. पेठेतून न्यू जर्सीला गेलेला एक पोरगा गावच्या आठवणीनं 'करवीरकट्टा' नावाची वेबसाइट चालवायचा. त्यानं राणीचा फोटो टाकला. खाली कॅलिफोर्नियापासून मस्कतपर्यंतच्या कोल्हापूरकरांनी 'नादखुळा' लिहून ढीग लावला. निशाच्या दुकानाचं नाव सात समुद्र ओलांडून गेलं. मग त्या ढिगात हा 'एक रसिक' उगवला. पहिल्यांदा म्हणाला, रंग बघून डोळ्यांवर ओरखडे आले. दुसऱ्यांदा म्हणाला, हुडावरचे घोडे आहेत का उंदीर. आणि आता नथ.

"ताई, प्रिंटचे दोन रुपये," राजवर्धन म्हणाला.

"माझ्या शिव्या आणि मीच पैसे देऊ?"

"कलर मागितली असती तर दहा झाले असते."

तेवढ्यात दारात पांढरीशुभ्र गाडी थांबली आणि तिच्यातून पांढरेशुभ्र हंबीरराव उतरले. हंबीररावांनी नवं हॉटेल काढलं होतं आणि पाहुण्यांना गावात फिरवायला बारा रिक्षा घेतल्या होत्या. त्या बाराच्या बारा निशा नटवणार असं बोलणं झालं होतं. निशानं शेजारची जागा बघून ठेवली होती, दोन शिवणारणींना शब्द दिला होता.

हंबीररावांच्या हातात तोच कागद होता. फरक एवढाच की त्यांनी कलर प्रिंट घेतली होती.

"निशाताई, माझं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. ते आधी इंटरनेट बघतंय, मग बॅग भरतंय. उद्या त्यास्नी कुणी सांगितलं, ह्या हॉटेलच्या रिक्षा पोती शिवणारीनं केल्यात, तर?"

"साहेब, नथ डावीकडंच हाय. चला, दाखवते."

"मी एकट्यानं बघून काय उपयोग? हे जगानं वाचलंय." त्यांनी कागदाची घडी खिशात घातली. "रविवारी अकराला येतो. तोपर्यंत हे कोण हाय, का लिवतंय, ते मिटवा. न्हाईतर बारा रिक्षा भाऊसोकडं."

गाडी गेली. कट्ट्यावरचे सातही जण उठून उभे राहिले होते.

निशानं मशीनवर झाकण घातलं. हे झाकण दिवसाउजेडी पडलेलं पेठेनं चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"रविवार लांब न्हाई," ती म्हणाली. "हुडकूनच काढते."

२

पहिलं काम म्हणजे नथ. राणी समोरच्या स्टॉपवर उभी होती. प्रवासी बसतो त्याच्या डोक्यामागं, हुडाच्या आतल्या अंगाला, निशानं रेक्झिनचे तुकडे कापून नवरीचा चेहरा बसवला होता आणि टिकल्यांची नथ केली होती. बातमी फुटल्यावर तासाभरात पेठेतल्या सतरा बायकांनी बाजूनं रिक्षात डोकं घालून खात्री केली. नथ डावीकडंच होती. एकीनं स्वतःची नथ चाचपून पुन्हा पाहिलं.

"सरळ खोटं लिवलंय मेल्यानं," बायकांनी निकाल दिला.

रिक्षाचा मालक पिराजी बाजूला उभा राहून कागद वाचत होता. वाचताना त्याचे ओठ हलायचे. "किती जणांनी वाचलं असंल ताई हे?"

"खाली आकडा असतोय. साडेतीनशे."

"साडेतीनशे," पिराजी हळूच म्हणाला, आणि मग एकदम आठवल्यासारखं ओरडला, "तंगडं मोडतो बघा त्याचं! गावला का, तंगडं!" थोडं थांबून पुन्हा खालच्या आवाजात, "ताई, हुडाचं जरा बोलायचं हुतं..."

"हुडाला काय झालंय? फर्स्ट नंबर आलाय हुडाला."

"न्हाई, आलाय की," पिराजी म्हणाला आणि कागदाची घडी घालू लागला.

संशयित कोण, हे पेठेनं परस्पर ठरवलं होतं. भाऊसो. निशाच्या दुकानापासून पाच दुकानं सोडून भाऊसोचं कुशन वर्क्स होतं. बाबा होते तेव्हा तो बाबांशी भांडायचा, आता वारसाहक्कानं निशाशी. बारा रिक्षा त्याच्याकडंच जायच्या होत्या. फायदा त्याचा, म्हणजे हात त्याचा.

निशा गेली तेव्हा तो न्हाव्याच्या खुर्चीत होता, अर्धी दाढी झालेली.

"भाऊसोकाका, इंटरनेटवर तुम्ही लिवताय?"

भाऊसो असा उठला की न्हाव्याचा वस्तरा हवेत राहिला. "मी? कॉम्प्युटरवर? पोरी, तुझं काम मला आवडत न्हाई. घोड्यांची तोंडं बकऱ्यांसारखी झाल्यात. फेब्रुवारीत तुझ्या तोंडावर सांगितलंय का न्हाई?"

"सांगितलंय."

"स्पर्धेत माईकवरनं सांगितलंय का न्हाई?"

"माईक बंद होता काका."

"तरी समद्यास्नी ऐकू गेलं का न्हाई?"

"गेलं."

"मग मी टोपणनावानं कशाला लिवू? माझं तोंड काय भाड्यानं दिलंय व्हय?" तो पुन्हा खुर्चीत बसला. "आन् काय लिवलंय म्हणं त्यानं, उंदीर? उंदीर न्हाईत ते. बकरीच. ज्यानं लिवलंय त्याला जनावरातलं कळत न्हाई."

"मग साहेबांना तसं सांगा की. म्हणावं, हे मी लिवलं न्हाई."

"ते का सांगू? बारा रिक्षा हायत!" भाऊसो खरं ते बोलला. "पर एक सांगतो. कागदावर येळ छापलीया बघ. रात्री दीड. दीड वाजता म्या घोरत असतोय. आळीला इचार."

आळीला विचारायची गरज नव्हती. भाऊसोचं घोरणं तीन घरांपर्यंत जायचं. निशानं कागद उलटला. खरंच, कोपऱ्यात बारीक अक्षरात रात्रीचे दीड वाजले होते.

मग रात्री दीडला पेठेत जागं कोण होतं?

३

संध्याकाळपर्यंत पेठेनं तीन माणसं धरली. एक गुरखा, एक बारावीचा अभ्यास करणारी पोरगी, आणि एक आजोबा ज्यांना रात्री सारखं उठावं लागायचं. आजोबांनी तर भीतीनं कबुलीही दिली, पण त्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगता येईना.

निशा कॅफेत गेली. राजवर्धन कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होता.

"राजू, रात्री दीडला तुझं दुकान उघडं असतंय?"

"ताई, ती येळ न्यू जर्सीची हाय! साइट तिकडची, घड्याळ तिकडचं. तिकडं रात्रीचा दीड म्हणजे आपल्याकडं सकाळचे अकरा."

"हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"मला कुणी इचारलं?"

गुरखा सुटला, पोरगी सुटली, आजोबांना घरी पाठवलं. निशानं खिशातून खडू काढला आणि कॅफेच्या टेबलावरच आकडे मांडले. तीन टीका, तिन्ही सकाळी अकराच्या आगंमागं. भाऊसोही सुटला, कारण अकरापासनं जेवणवेळेपर्यंत तो रोज न्हाव्याकडं असायचा आणि असतो हे त्याच्या आवाजावरून आख्ख्या पेठेला कळायचं.

"आज अकराला हितं कोण होतं? रजिस्टर काढ."

पोलिसांच्या सांगण्यावरून राजवर्धननं रजिस्टर ठेवलं होतं. येणाऱ्यानं नाव लिहायचं, सही करायची. निशानं आजचं पान उघडलं. गणपतराव पाटील. त्याच्याखाली गणपतराव पाटील. मग गणपतराव पाटील, आणि शेवटी, वेगळ्या शाईत, गणपतराव पाटील.

"राजू, हे काय?"

"पयल्या दिवशी एका गणपतरावांनी लिवलं हुतं. पुढच्यानं बघून लिवलं. आता तीच पद्धत पडलीया."

"तोंडं तरी आठवतात का?"

"ताई, मी खेळात असतोय. येणारे-जाणारे कमी हायत व्हय? पोरं येतात, स्टॉपवरचे रिक्षावाले पाण्याला येतात, पंख्याखाली बसतात. कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?"

आणि खुद्द राजवर्धन? दर टीकेमागं त्याची प्रिंट खपत होती. पेठेत आतापर्यंत चाळीस गेल्या होत्या. पण निशा त्याच्याकडं बघत राहिली आणि मान हलवली. सात हात लांब असलेली राणी त्यानं उठून कधी पाहिली नव्हती. स्क्रीनवर फोटो आहे, मग बाहेर कशाला जायचं, असा त्याचा हिशेब. आणि साइटवरचा फोटो बाहेरून काढलेला. त्यात आतली नवरी दिसतच नव्हती.

म्हणजे लिहिणारा रिक्षाच्या आत डोकावलेला माणूस होता. मग त्याला नथ उलटी कशी दिसली?

निशा खडू फिरवत बसली. खोटं बोलणारा माणूस सहज तपासता येईल असं खोटं बोलत नाही. रंग वाईट, घोडे वाईट, हे कितीही म्हणता येतं. नथ मात्र कुणीही येऊन बघू शकतं. ज्याला नुसती बदनामी करायची तो असली चूक करणार नाही. लिहिणाऱ्याला ते खरंच वाटत होतं.

तिनं साइट पुन्हा वरपासून वाचली आणि आणखी एक गोष्ट तिला खुपली. कॅलिफोर्नियातल्या बाईनं कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी 'रसिक' आला. मस्कतच्या माणसानं 'स्वर्ग' असं लिहिलं, दुसऱ्या दिवशी 'रसिक'. काल लंडनहून कौतुक आलं, आज नथ. कौतुक नसेल तेव्हा 'रसिक' गप्प. आठवडाभर गप्प.

"हा माणूस कौतुकाची वाट बघतोय," निशा पुटपुटली.

"ताई," राजवर्धन स्क्रीनकडं बघत म्हणाला, "आज दुपारी सिंगापूरनं लिवलंय कुणीतरी. 'अशी रिक्षा जगात नाही.'"

निशानं घड्याळाकडं पाहिलं. म्हणजे उद्या अकरा.

४

बुधवारी अकराला निशानं कॅफेच्या दारात स्टूल टाकून बसायचं ठरवलं आणि बरोबर पावणेअकराला पिराजीची आई आक्का दुकानात येऊन बसली.

आक्का म्हणजे एवढीशी बाई, पण बसली की उठायची नाही. राणी तयार झाली त्या दिवशी ती काळी बाहुली घेऊन आली होती, बिब्बा, लिंबू, मिरच्या, सगळं दोऱ्यात ओवलेलं. हुडाला लटकवा म्हणाली. निशानं हात जोडले होते. "आक्का, आमच्या बाबांनी ह्या दुकानात लिंबू फक्त सरबताला आणलं. माझ्या कामावर बाहुली लटकवायची असंल तर हुड दुसरीकडनं करून घ्या." आक्का बाहुली पदरात गुंडाळून गेली होती आणि पिराजीनं मधल्यामधी दोघींची माफी मागितली होती.

"आक्का, मला जरा घाईचं काम हाय."

"असू दे की. च्या सांग." आक्कानं पाय पसरले. "आमच्या राणीचं बरं चाललंय आता. आधी काय ग्रहण लागलं हुतं! त्या अमेरिकेच्या बाईनं वाखाणलं, टायर फुटला. मस्कतवाल्यानं वाखाणलं, सायलेन्सर गळून पडला. आता महिना झाला, साधं पंचर न्हाई."

"बरं झालं की."

"बरंच झालं," आक्का म्हणाली आणि बशीत चहा ओतायला लागली. ती बशी संपायला अर्धा तास लागला. निशा कॅफेत पोचली तेव्हा चौथी टीका पडून दहा मिनिटं झाली होती आणि रजिस्टरात आणखी एक गणपतराव पाटील वाढले होते.

'हुडाची पुढची शिवण गळते. ह्याला हुड कशाला म्हणायचं, चाळण म्हणा. – एक रसिक.'

रंग, घोडे, नथ, सगळं निशानं पचवलं होतं. हे वाचून तिचे कान तापले. शिवण! बाबा म्हणायचे, नक्षी डोळ्यांना, शिवण माणसाला. तिची शिवण गळते?

ती तरातरा स्टॉपवर गेली. "पिराजीदादा, पाण्याची बादली आणा. आत्ताच्या आत्ता दाखवते पेठेला, कोण चाळण ते!"

पिराजीचं तोंड उतरलं. "नको ताई. रंग जाईल."

"माझा रंग? जाईल?"

"तसं न्हाई, म्हंजे... रिक्षा धुवायची येळ न्हाई ही."

"बादली आणा."

कट्ट्यावरचे सातही जण खाली आले. निशा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली, आणि कट्ट्यावरच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या सीटवर बसायची मुभा पिराजीनं आजवर कुणाला दिली नव्हती. त्याचे दाजी एकदा हौसेनं बसले होते, तेव्हापासून बहीण माहेरी आली नव्हती. पिराजी काहीतरी बोलणार होता, पण निशाचं तोंड बघून त्यानं बादली उचलली आणि हुडावर ओतली.

पाणी हुडावरून वाहिलं, झालरीवरून ओघळलं, रस्त्यावर पडलं. थेंब आत आला नाही. कट्ट्यानं टाळ्या वाजवल्या. निशा हसली, आणि तेवढ्यात तिच्या मानेवर, बरोबर कॉलरच्या आत, थंडगार असं काहीतरी पडलं.

टप्.

मग पुन्हा टप्.

तिनं दचकून वर पाहिलं. वर शिवण होती. शिवणीच्या खाली, काचेच्या वरच्या अंगाला, पिराजीचा छोटा आरसा होता. आरशात मागची नवरी दिसत होती.

निशानं मान पुसली नाही. ती तशीच आरशात बघत बसली. थेंब पडत राहिले.

"गळतंय का ताई?" कट्ट्यावरनं कुणीतरी विचारलं.

"रविवारी सांगते," निशा म्हणाली.

५

रविवारी अकराला प्रबुद्ध हुड वर्क्समध्ये उभं राहायला जागा नव्हती. हंबीरराव खुर्चीत, पांढऱ्या कपड्यांत. भाऊसो दाराला टेकून, बारा रिक्षा न्यायला आल्यासारखा. राजवर्धन कागद-पेन घेऊन, आक्का चहाची बशी घेऊन रेक्झिनच्या गठ्ठ्यावर, पिराजी तिच्या मागं. बाहेर कट्टा, आज सातचे सतरा झालेले.

"साहेब, तुमी म्हणालात हे कोण ते हुडका," निशानं सुरुवात केली. "हुडकलंय. तो ह्याच खोलीत हाय."

सगळ्यांनी भाऊसोकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय? तिच्याकडं बघा!"

"भाऊसोकाका न्हाईत. काकांनी लिवलं असतं तर खाली पत्ता दिला असता. राजूही न्हाई, त्यानं राणीत कधी डोकं घातलेलं न्हाई. आता नथ बघा. पेठेतल्या बायकांना ती डावीकडं दिसली, 'रसिका'ला उजवीकडं. म्हणून आपण म्हणालो, खोटारडा. तो खोटारडा न्हाई. त्याला खरोखरच ती उजवीकडं दिसती. रोज, दहा-दहा तास."

"कशी?" हंबीररावांनी विचारलं.

निशानं भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्यासमोर धरला. "साहेब, तुमचा पेन कुठल्या खिशाला हाय?"

"डाव्या." हंबीररावांनी आरशात पाहिलं. "ह्याच्यात तर उजव्या!"

"बायका बाजूनं आत वाकून बघतात. प्रवासी तिला पाठ करून बसतोय. ती नवरी आरशात बघणारा माणूस रिक्षात एकच. दुसरं, पुढची शिवण गळती, पण धार लागत न्हाई. थेंब पडतोय, तोही फक्त ड्रायव्हरच्या मानेवर. राणी पावसात अजून निघालेली न्हाई. पाणी पडतंय ते फक्त धुताना. धुतंय कोण? त्या सीटवर बसतंय कोण?"

सगळ्यांच्या माना पिराजीकडं वळल्या. पिराजी आईच्या मागं जितका लपता येईल तितका लपला होता, म्हणजे गुडघ्यापर्यंत.

"लगा पिराजी!" भाऊसो गरजला. "सोताच्या रिक्षाला शिव्या?"

"तेच मला कळत नव्हतं," निशा म्हणाली. "त्यांची रिक्षा, त्यांचा पहिला नंबर. पण मी त्यांना टीका दाखवली तेव्हा 'कुणी लिवलं' असं त्यांनी इचारलं न्हाई. इचारलं, 'किती जणांनी वाचलं?' आणि टीका यायच्या त्या कौतुकाच्या दुसऱ्या दिवशी. कौतुक आलं की त्याच दिवशी काहीतरी फुटायचं. दुसरी टीका पडली तेव्हापासनं महिनाभर साधं पंचर न्हाई. हे मला ह्याच गठ्ठ्यावर बसून कुणीतरी सांगितलं. बरोबर अकराला, मला दुकानात अडकवून."

आक्कानं बशी खाली ठेवली.

"मग काय करू?" ती म्हणाली. लाज वगैरे काही नाही, उलट बाजू मांडायला मिळाल्याचं समाधान. "बाहुली तू लावू देईनास. नजर लागली अमेरिकेतनं, मस्कतनं. पिऱ्या म्हणाला, आई, ती माणसं रिक्षा बघत न्हाईत, इंटरनेट बघत्यात. मग मी म्हणालो, जिथं नजर लागली तिथंच तीट लावाय पायजे का न्हाई? पोराच्या गालावरची तीट कपाटाला लावून काय उपयोग? म्हणून म्हणालो, लिव वाईट. थोडंसं. काळं बोट लावल्यावानी."

हंबीररावांनी चष्मा काढून पुसला. साडेतीनशे माणसांनी वाचलेली, चाळीस प्रिंट निघालेली, त्यांच्या बारा रिक्षा अडवणारी टीका म्हणजे तीट होती.

"आक्का," निशा म्हणाली, "तुमची तीट राणीला लागली, पण काळं माझ्या तोंडाला आलं. बाबांच्या दुकानाला आलं."

आक्कानं पहिल्यांदा मान खाली घातली. आपलं काळं बोट दुसऱ्याच्या पोरीच्या गालावर उमटलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ताई, चुकलं," पिराजी पुढं आला. "खोटं मला सुचंना. वाईट काय लिवायचं? काम झकास झालेलं! रंगाचं लिवलं, घोड्यांचं लिवलं, मग आरशात बघून नथेचं. मला वाटलं ही खरंच चूक हाय, तुमास्नी कळंल तरी."

"आणि शिवणीचं?"

पिराजीनं आईकडं पाहिलं.

"ते तीट न्हवतं," निशा म्हणाली. "हो ना?"

"न्हाई," पिराजी म्हणाला. "ते खरं हाय. तीनदा सांगाय आलतो. तुमी म्हणायचा, फर्स्ट नंबर आलाय. म्हणलं, तिकडं लिवलं तर वाचतील."

चारपैकी तीन टीका तिनं खोट्या ठरवल्या होत्या. चौथीसाठी तिनं चार रात्री शिवणीची फक्त स्वप्नं पाहिली होती, टाका उसवला नव्हता.

"तर पोरी, चाळण हाय म्हणायची?" भाऊसोनं हात चोळले. "साहेब, बारा रिक्षा कधी पाठवताय?"

६

"अर्धा तास द्या," निशा म्हणाली.

तिनं राणी दुकानासमोर घेतली. ड्रायव्हर सीटवर पिराजीनं स्वतः तिला हात धरून बसवलं. पुढची शिवण उसवली तेव्हा चूक दिसली: नक्षीची झालर सरळ यावी म्हणून तिनं तिथं सुई एकदा जास्त टोचली होती आणि त्या भोकांची रांग पट्टीखाली झाकली होती. दिसायला सुंदर. पाण्याला नक्षी दिसत नाही. तिनं झालर अर्धा इंच मागं घेतली, आतून दुहेरी पट्टी मारली, मेण घासलं. तिच्या मागं उभं राहून भाऊसो सारखा "असं न्हाई, तसं" म्हणत होता आणि दोनदा तो बरोबर होता. दोन्ही वेळा निशानं त्याचं ऐकलं. दुसऱ्या वेळी भाऊसो इतका गोंधळला की त्यानं स्वतःच पट्टी धरून दिली.

"आता साहेब, तुमी बसा," निशा म्हणाली. "तीटही न्हाई, कौतुकही न्हाई. सोता बघा. ओता पाणी, काका."

हंबीरराव पांढऱ्या कपड्यांत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. भाऊसोनं नळाची पाइप धरली, मनापासून. हुडावर पाच मिनिटं धो धो पाणी पडत होतं. हंबीररावांनी कॉलर चाचपली. कोरडी. वर शिवणीवरून बोट फिरवलं. कोरडं.

"थेंब न्हाई!" ते ओरडले.

"काय?" भाऊसो नीट ऐकायला वळला, आणि त्याच्याबरोबर पाइपही वळली. रिक्षाला वर हुड असतं, बाजूला दार नसतं. हंबीरराव डोक्यापासून बुटापर्यंत न्हाले.

कट्ट्यावरची सतरा माणसं दोन पावलं मागं सरकली.

हंबीररावांनी तोंडावरचं पाणी निपटलं, पुन्हा वर पाहिलं आणि शिवणीला हात लावला. "वरनं कोरडंच हाय," ते म्हणाले. "बारा रिक्षा उद्या पाठवतो, निशाताई. बाजूला पडदे पण लावा."

पिराजीनं त्याच दिवशी स्वतःच्या नावानं साइटवर लिहिलं, नथ डावीकडं आहे, मी आरशात बघत होतो, तीट लावायची होती, माफी असावी. शिवण गळत होती, ती ताईंनी दुरुस्त केली. रजिस्टरात त्यानं पहिल्यांदा पिराजी असं लिहिलं, त्यामुळं राजवर्धनला वाटलं कुणी नवा माणूस आला. मस्कतहून लगेच प्रश्न आला, आमच्या गाडीला तीट लावायची असेल तर कुठं लिहायचं. दुसऱ्या दिवशी कॅफेवर पाटी झळकली: 'नव्या गाडीला ऑनलाइन तीट.' निशानं ती काढून आणली, उलट्या बाजूनं रंगवली आणि आपल्याच दुकानात लावली: 'काम आवडलं नाही तर इथं बसून सांगा. चहा मिळेल.'

आक्काचं मात्र समाधान होईना. बारा रिक्षा म्हणजे बारा नजरा. बारातली पहिली रिक्षा नटून झाली त्या दिवशी ती सकाळी नऊला येऊन गठ्ठ्यावर बसली. "बाहुली लावू देत न्हाईस, इंटरनेटवर लिवू देत न्हाईस. मग तीट लावू कुठं?"

"मला लावा," निशा म्हणाली. "रोज या आणि माझ्या तोंडावर एक शिवी देऊन जावा. पण काम बघून द्यायची."

आक्कानं विचार केला. मग पहिल्या नव्या हुडावर हात फिरवला, आतून शिवण दाबून पाहिली, वाकून नथ तपासली, आरशात वाकून पुन्हा तपासली.

"झकास झालंय, मेले," ती म्हणाली. "पर डाव्या कोपऱ्यात एक टाका ढिला हाय."

निशानं बघितलं. होता. तिनं सुई हातात घेतली आणि आक्कासाठी चहा सांगितला.